मामाच्या फळीचं शेपूट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आश्रुबामामाचं नाव घेतो. आई-वडिलांचे उपकार आहेतच, पैसे न घेता गणित शिकवणाऱ्या गुरुजींचेही आहेत. पण ही माणसं माझ्याशी मायेनं वागली, आणि मायेनं वागणाऱ्याचे उपकार मानणं सोपं असतं. मामा माझ्याशी कधी गोड बोलला नाही. त्यानं मला मारलं, उपाशी ठेवलं, चारचौघांत माझी टर उडवली. मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्याच्यामुळे. ते कसं झालं, हे आजवर मी घरातही कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आई-वडील दर साल दसरा झाला की ऊस तोडायला जायचे, आणि माझं गाठोडं मामाच्या ओसरीवर येऊन पडायचं. मामाचं घर तलावाच्या काठाला, नेकनूरहून पायी दीड तासावर. जाग यायची ती दोन आवाजांनी. आत गयामामी भाकरी थापत असायची, आणि बाहेर मामा जाळं झटकत असायचा. जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटून खुळखुळायच्या. चांगली मासळी मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर जायची. घरात शिजायची ती डोकी आणि शेपट्या. मामी त्यात येसराचा मसाला टाकून असं कालवण करायची की मी ताटली चाटून पुसायचो. मामा ते बघून म्हणायचा, "ताटली ठिव बे, उंद्या बी जेवायचंय तिच्यात."

घरात सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे मामाची फळी. पांगाऱ्याचं लाकूड, वजनाला हलकं. सहा हात लांब आणि माणूस मांडी घालून बसेल एवढं रुंद. तोंड थोडं वर उचललेलं, कडा गोल घासलेल्या, आणि मागचं शेपूट चांगलं ऐसपैस, जवळजवळ मधल्या भागाइतकंच रुंद. शेपटाखाली बाभळीचं वीतभर पातं ठोकलेलं. मामानं ती स्वतः वाकसानं तासली होती आणि दर साल डांबर लावून जपली होती. हातांत पाणी मारायच्या दोन लाकडी थाप्या घेऊन तो तिच्यावर बसला की खालची फळी दिसायचीच नाही, माणूसच पाण्यावर बसून चाललाय असं वाटायचं. तलावावर बावीस फळ्या होत्या. त्यांत मामाची सगळ्यात लांब.

लांब फळी सरळ चांगली पळते, पण वळायला जड. हे मला मामानं सांगितलं नाही, पाण्यात पाडून शिकवलं. वळायचं तर ढुंगण मागं सरकवायचं. शेपूट दबतं, तोंड उचलतं, मग एका हातानं पाणी धरलं की फळी फिरते. सरळ जायचं तर पुढं सरकायचं. मागून लाट आली तर परत मागं, नाहीतर तोंड पाण्यात घुसतं आणि माणूस डोक्यावरून पुढं जातो. रुंद शेपटाखाली लाट शिरली की ती फळी उचलते आणि ढकलत नेते. त्या वेळी हात मारायचीही गरज नसते. मी चुकलो की मामा काठावरून काही बोलायचा नाही. पोहत यायचा, एका हातानं फळी उलटी करायचा आणि परत जायचा. एका पौषात असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. ओठ निळे पडले, मामी काठावर गोधडी घेऊन उभी राहिली, तर तो तिलाच म्हणाला, "पाणी काय तुझ्या भाच्याला गोधडी देनार हाय का?" एकदा मी फळी उन्हात विसरलो आणि तिच्या कडेला चीर गेली. त्या दिवशी जेवायला बसलो तर मामानं माझी ताटली उचलून फळीपुढं ठेवली.

परवा नातवानं मोबाईलवर मला परदेशातल्या समुद्राची एक चित्रफीत दाखवली. लांब फळ्यांवर माणसं उभी राहून लाटा चढत-उतरत होती. एक जण वळायच्या आधी पावलं टाकत मागं गेला, त्यानं शेपूट दाबलं, आणि फळी फिरली. मी नातवाला म्हणालो, त्याचं शेपूट बघ किती रुंद आहे, म्हणून लाट त्याला सोडत नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला. आजोबांना यातलं काय कळतं, असं त्याच्या तोंडावर होतं. मी मोबाईल परत दिला.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. घरात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, शाळेत पोरांना सुकडी. कपिलधारच्या धबधब्याचा नुसता कोरडा कडा उरल्याचं लोक सांगायचे. तलाव आटत आटत नदीच्या जुन्या पात्रापुरता उरला, लांबच लांब आणि अरुंद, तलावाच्या भिंतीपासून थेट वरच्या अंगाच्या वाळल्या चिंचेपर्यंत. एवढ्या पाण्यात बावीस जाळी शक्यच नव्हती. सोसायटीची अशा वर्षाची एक रीत होती. सगळ्यांनी फळ्या घेऊन भिंतीपाशी यायचं, चेअरमननं शिट्टी वाजवली की निघायचं, वाळल्या चिंचेला वळसा घालून परत यायचं. पहिले सहा येतील त्यांना वर्षभर पाणी. बाकीच्यांनी कोयता उचलून ऊस तोडायला जायचं.

त्या रीतीला आणखी एक कलम होतं. दुसऱ्याच्या फळीला कुणी हात लावायचा नाही. शर्यत संपली की सेक्रेटरी हरलेल्या प्रत्येकाला एकदा विचारी, फळीला कुणी हात लावलता का? हो म्हणालं आणि ते खरं निघालं तर त्याला दुसऱ्या फळीवर परत संधी मिळे. आणि ज्यानं हात लावला त्याच्या गळ्यात सडक्या माशांची माळ घालून त्याला वेशीपर्यंत फिरवत. लहानपणी मी एकाला तसं फिरवलेलं बघितलं होतं. पोरं मागून शेण मारत होती, त्यात मीही होतो. तो माणूस पुन्हा गावात दिसला नाही.

मी तेव्हा बीडला कॉलेजात होतो, शेवटचं वर्ष सुरू होतं, आणि दिवाळीच्या सुट्टीला मामाकडं आलो होतो. वडिलांची कंबर गेली होती, आई त्यांच्याजवळ. माझं शिक्षण आता पूर्ण मामाच्या जाळ्यावर होतं. मामानं दिवाळीत सरळ सांगितलं होतं, "पानी आपल्याला ऱ्हायलं तर तू बीडला. न्हाई ऱ्हायलं तर तू, मी आन् तुझी मामी, तिघं उसाला." मला कॉलेज सोडायचं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात पदार्थविज्ञान होतं.

मी हिशेब मांडला. शर्यत नेहमी दिवस उगवताना होते, तेव्हा पाणी आरशासारखं असतं, लाट नाही, वारा नाही. मग सरळ पळण्यात सगळे सारखेच; खरा निकाल चिंचेपाशी, वळताना. आणि मामाची फळी तिथंच मार खाते, कारण शेपूट रुंद आणि पातं मोठं. मी मामाला हे शब्दांत सांगून बघितलं. म्हणालो, "मामा, इज्ञानाच्या दृष्टीनं तुमच्या फळीचं शेपूट लई रुंद हाय."

मामा विडी ओढत होता. म्हणाला, "तुज्या इज्ञानाला पवता येतं का?"

"पवायचा संबंध न्हाई मामा."

"मग त्याला काठावर बसव. आन् फळीला बोट लावशील तर बोट तासून ठिवीन."

नेकनूरच्या बाजारच्या दिवशी मामा-मामी दोघंही गेली. मी वाकस काढलं. शेपटाच्या दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं तासली, माशाच्या शेपटासारखं निमुळतं केलं. पातं निम्मं कापलं. कानशीनं घासून वर डांबर लावलं आणि ढलप्या पुरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे फळी पाण्यात घातली. मी मागं सरकलो आणि ती जागच्या जागी अशी फिरली की माझ्या तोंडून हसू फुटलं. पाणी शांत होतं. वाऱ्यात तपासावं असं मला सुचलंही नाही. मामानं तिला रुंद शेपूट का ठेवलं असेल, हे त्याला एकदा विचारावं, हेही सुचलं नाही. पुस्तक वाचलेल्या माणसाला वाटतं की न वाचलेल्यानं जे केलं ते सवयीनं केलं.

शर्यतीच्या दिवशी सगळे उजाडताना भिंतीपाशी हजर. फळी तपासली तेव्हापासून मी तिचं शेपूट पाण्यातच बुडवून ठेवलं होतं, आणि भिंतीपाशीही ती अंधारातच आणली होती. चेअरमन नव्हता. तालुक्याला मीटिंगला गेलता, येतोच म्हणून निरोप होता, आणि त्याच्या शिट्टीशिवाय निघायची कुणाची छाती नव्हती. दिवस वर आला, डोक्यावर आला. उत्तरेचा वारा सुटला आणि त्या लांब अरुंद पाण्यावरून चिंचेकडून भिंतीकडं धावत येऊ लागला. आधी सुरकुत्या, मग लाटा, मग लाटांच्या डोक्यावर पांढरं. मामाचा चेहरा खुलला. असा वारा त्याचाच. जाताना सगळ्यांना सारखा त्रास, पण येताना लाटा मागून, आणि तिथं त्याच्या फळीला तलावात तोड नव्हती. तो शेजारच्या लिंबाजीला म्हणाला, "येताना मी विडी पेटवून येतो बघ."

मी फळीच्या शेपटाकडं बघितलं.

दुपार कलताना चेअरमनची जीप आली. सगळे उठले. मामानं फळी उचलायच्या आधी नेहमीसारखा तळहात तिच्या अंगावरून फिरवला. तोंडाकडून सुरुवात करून शेपटापर्यंत. शेपटापाशी हात थांबला. त्यानं खाली वाकून पातं चाचपलं. मग माझ्याकडं बघितलं.

"डांबर नवं दिसतंय," तो म्हणाला.

"हो. जुनं निघालतं."

"बरं."

तेवढंच. त्या वेळी मी बोललो असतो तर कुणाची तरी जुनी फळी मिळाली असती. माझ्यासमोर चेअरमन उभा होता, सगळं गाव उभं होतं, आणि मला ती माळ दिसत होती. शिट्टी झाली.

जाताना मामा पाचवा-सहावा होता. चिंचेपाशी मात्र त्यानं असा वळसा घेतला की भिंतीवरचे लोक ओरडले. बाकीचे हात मारमारून फळ्या फिरवत होते तोवर हा वळून पहिला निघालाही होता. क्षणभर मला वाटलं, माझंच बरोबर होतं. आणि मग मागून पहिली मोठी लाट त्याच्याखाली आली. मामा सवयीनं मागं सरकला. जिथं रुंद शेपटानं त्याला उचलून धरायचं होतं तिथं काही नव्हतं. शेपूट बुडालं, फळी अडखळली, लाट खालून निघून गेली. दुसरी आली तेव्हा निम्म्या पात्याला पाणी धरवलं नाही. मागची बाजू घसरली, फळी लाटेला आडवी झाली आणि पालथी पडली. मामा वर चढला. परत पालथी. तिसऱ्यांदा फळीची कड त्याच्या हनुवटीवर बसली. मागच्या रुंद फळ्या लाटांवर बसून त्याच्या बाजूनं एकेक करत गेल्या. लिंबाजी तर खरंच हात न मारता गेला. मामा सगळ्यांच्या शेवटी आला, पालथ्या फळीवर पोट टेकून, गळ्यापर्यंत रक्त.

लोक हसले. दुष्काळात लोकांना हसायला फार थोडं मिळतं. कुणीतरी म्हणालं, "आश्रुबा, फळीच्या वर बसायचं आस्तंय." लिंबाजी म्हणाला, "विडी भिजली का रं?" चेअरमनही हसला. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

सेक्रेटरी भानुदासअण्णा वही घेऊन हरलेल्यांपुढून फिरले. मामापुढं थांबून त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "आश्रुबा, फळीला कुणी हात लावलता का?"

मामानं फळीच्या शेपटावर हात ठेवला होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. "न्हाई," तो म्हणाला. "वय झालं. हात गेले."

घरी आल्यावर मामीनं हनुवटीत हळद भरली. मामानं कुऱ्हाड घेतली आणि दिवस मावळायच्या आत ती फळी फोडली. आधी शेपूट फोडलं, आणि ते स्वतःच्या हातानं चुलीत घातलं. डांबराचा धूर घरभर झाला. मामी खोकत विचारत राहिली, कावून फोडली, एवढी चांगली फळी कावून फोडली. मिलोची भाकरी त्या धुरकट चुलीवरच झाली. मला ती अजून जिभेवर आठवते.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून कोयते काढले. दोनच काढले. मी म्हणालो, "मामा, मी बी येतो. कालिज ऱ्हाऊ द्या."

तो कोयत्याला धार लावत होता. म्हणाला, "तुझं काय काम हाय तिथं? उसाला बी शेंडा आस्तोय. तू त्योबी तासशील."

मामी हसली, तिला वाटलं चेष्टा आहे. मी बाहेर जाऊन बसलो. तासाभरानं मामानं माझं गाठोडं ओसरीवर आणून टाकलं आणि बीडच्या गाडीची वेळ सांगितली.

सहा महिने त्यानं ऊस तोडला. जन्मभर पाण्यात भिजून मऊ झालेले हात. पाचटानं ते असे फाटले की भाकरीचा घास करता येईना, मामी भरवायची. तोडकऱ्यांत आमच्या गावचे होतेच. त्यांनी त्याचं नाव 'पालथा' पाडलं. पालथा आला, पालथ्या मोळी बांध, पालथ्या पाणी आण. त्या कष्टातून माझी खानावळ चालली. मी पास झालो. निकाल लागला त्या दिवशी खोलीवरची मुलं पेढे आणायला गेली आणि मी पत्र लिहायला बसलो.

मामाला अक्षर येत नव्हतं. गावचं सगळं टपाल सोसायटीच्या ओट्यावर येई आणि ज्याला वाचता येत नाही त्याचं पत्र भानुदासअण्णा तिथं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. म्हणूनच मी ते पाठवलं. मामाला सांगायचं काही नव्हतं, त्याला सगळं माहीत होतं. ते बाकीच्यांच्या कानावर जायला हवं होतं.

ते गेलं. पुढचं मला मामीनं सांगितलं. अण्णांनी पत्र काही न गाळता वाचलं. मग सगळ्यांत आधी मामाच हसला. म्हणाला, "पोरगं लई शिकलं. मामाची इज्जत ऱ्हावी म्हनून खोटं बी लिवाया लागलं. फळीला काय झालं न्हवतं. मी सोता हात फिरवलता." मग सगळे हसले. लिंबाजी म्हणाला, पालथ्याचा भाचा हाय, कागद बी पालथाच लिवला. माझ्या पत्रावर एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही, कारण मामाचा शब्द माझ्या शब्दाहून मोठा होता.

ज्येष्ठात मी गावी गेलो आणि आधी ओट्यावर जाऊन बसलो. कुणी उठलं नाही. पोस्टाची नोकरी लागेल का, पगार किती असतो, असं विचारत बसले. घरी गेलो तर मामा म्हणाला, "आलास? जेव." हनुवटीची खूण पांढरी पडली होती. त्या गोष्टीवर तो मरेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि मी विचारलंही नाही. पुन्हा पाऊस झाला, तलाव भरला, फळ्या उतरल्या. त्यानं नवी फळी केली नाही. तो गेला तेव्हा मातीला आलेल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला विचारलं, "कोन गेलं म्हनतेत?" दुसरा म्हणाला, "पालथा."

पत्राची कच्ची प्रत माझ्या कॉलेजच्या वहीत आहे. ती जशी आहे तशी उतरवतो.

"तीर्थरूप आश्रुबामामा यांस,

दत्तात्रयाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मी परीक्षेत पास झालो. मामीला सांगावे.

भानुदासअण्णांना विनंती की, यापुढचा मजकूर ओट्यावर सगळे बसलेले असताना मोठ्याने वाचावा. काही गाळू नये.

शर्यतीच्या आधीच्या बाजारादिवशी मामा-मामी नेकनूरला गेले असताना मी मामाच्या फळीचे शेपूट दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे तासले आणि खालचे पाते निम्मे कापले. वर डांबर लावले. मला वाटले की पाणी शांत असेल आणि फळी लवकर वळेल. फळी लवकर वळली हे सगळ्यांनी बघितले आहे. मागून लाट असेल तर शेपूट रुंदच लागते, हे मामाला माहीत होते आणि मला माहीत नव्हते. त्या फळीवर तुमच्यापैकी कुणीही बसला असता तरी पालथा झाला असता.

मामा, तुम्ही अण्णांना हात गेले असे सांगितले. तुमचे हात गेले नव्हते. ते आता गेले असतील तर माझ्यामुळे उसात गेले.

ढलप्या पुरल्या आहेत, गोठ्यामागे, लिंबाच्या पूर्वेला, हातभर खोल. ज्याला खोटे वाटेल त्याने उकरून बघाव्यात.

मी ज्येष्ठात गावी येत आहे. आधी ओट्यावर येईन, मग घरी. माळ तयार ठेवावी.

आपला भाचा,
दत्तात्रय"